बावीस गेजचा पत्रा

जोतिबाला जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मला कळलं की गाडीला मी लावलेला पत्रा चुकीचा आहे. मी नुकताच जेवायला बसलो होतो. ताटातली आमटी तशीच राहिली.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं, आणि ते मला नीट क्रमानं सांगता येईल की नाही याची खात्री नाही. मी हुपरीकर. एका कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काम करून निवृत्त झालो. बायको चार वर्षांपूर्वी गेली. राजारामपुरीच्या अकराव्या गल्लीत तळमजल्यावर एकटा राहतो. माझ्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि हंबीरराव इंगवल्यांच्या शेडची भिंत एकच आहे.

हंबीरराव कागलकडचे. त्यांचे उसाचे ट्रक होते. ते विकून ते शहरात आले आणि आल्या आल्या एक मोडकी अमेरिकन गाडी विकत घेतली. एकोणीसशे अडुसष्ट सालची, दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. कागलजवळच्या एका बंगल्यामागं ती चोवीस वर्षं चिंचेखाली उभी होती. अशा गाड्यांना मसल कार म्हणतात, हे मला त्यांच्या नऊ वर्षांच्या नातीनं, संयोगितानं सांगितलं. गल्लीत मात्र तिला सगळे ‘अमेरिका’ म्हणायचे. “इंगवल्यांची अमेरिका कुठवर आली?” असं दूधवालासुद्धा विचारायचा.

एक दिवस हंबीरराव एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्या दारात उभे राहिले. गाडी दुरुस्तीचं होतं.

“सर, तुमी पुस्तकातलं मानूस. ह्यात काय लिवलंय तेवडं वाचून सांगा. बाकीचं मी बगतो.”

मी शेडमध्ये स्टुलावर बसून वाचायचो, ते हात काळे करायचे. माझ्याशी कुणी रोज दोन तास बोलतंय, असं बऱ्याच दिवसांत घडलं नव्हतं. मग एकदा ते म्हणाले, “इंजिन माजं, गंज तुमचा.” मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी हातमोजे आणून ठेवले होते.

गंज वरून दिसतो तेवढाच कधी नसतो. रंगाला तांदळाएवढा फुगवटा असायचा आणि तिथं पेचकस टोचला की तो मुठीपर्यंत आत जायचा. मग ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून, चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासायचं. लोखंड लागलंच नाही तर तेवढा भाग कापून काढायचा, पुठ्ठ्याचा नमुना करून भोकावर बसवून बघायचा, त्या मापानं नवा पत्रा कापायचा आणि वेल्डिंगचे टाके घालत जोडायचा. टाके ओळीनं घालायचे नाहीत. एक इथं, एक समोर, मध्ये थांबायचं, नाहीतर उष्णतेनं पत्रा वाकतो. कापणं, घासणं, नमुने करणं मी शिकलो. वेल्डिंग हंबीरराव करायचे.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने वेल्डिंगच्या उजेडाकडं बघायचं नाही.

“मग थांबू तीन महिने,” मी म्हणालो.

“थांबायचं कशाला? तुमीच मारा की टाकं. वर्सभर बगताय.”

राहिलेलं काम गाडीच्या तळाचं होतं. मागच्या चाकांवर पाटे असतात, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ट्रकला असतात तसेच. त्या पाट्याचं पुढचं टोक गाडीच्या तळाला ज्या जागी बोल्टनं धरलेलं असतं, ती जागा दोन्ही बाजूंना गंजून बिस्किटासारखी झाली होती. मागं बसणाऱ्या सगळ्यांचं वजन तिथं येतं. पुस्तकात लिहिलं होतं, इथं सोळा गेजचा पत्रा वापरा. मी ते हंबीररावांना वाचूनही दाखवलं होतं. पण नंतर घरी बसून मी विचार केला. पुस्तक तिकडच्या गुळगुळीत रस्त्यांसाठी लिहिलेलं. आपल्याकडचे खड्डे, आपल्याकडे एका गाडीत बसणारी माणसं. सोळा कमी पडला तर? मला भीती वाटली, म्हणून मी उद्यमनगरात जाऊन बावीस गेज मागितला.

काउंटरवरच्या माणसानं मान वर केली. “बावीस? कशाला लावणार?”

“गाडीला.”

“नक्की बावीस?”

मागं चार-पाच जण उभे होते, सगळे कामातले, हाताला ग्रीस लागलेले. मला वाटलं, हा माझं वय आणि माझा चष्मा बघून विचारतोय. “नक्की,” मी म्हणालो आणि पत्र्याची गुंडाळी काखेत मारून बाहेर पडलो. ती हलकी लागली. बरं वाटलं.

टाके घालायला घेतले तेव्हा पत्रा जळून भोकं पडू लागली. एक भोक बुजवायला गेलो की शेजारी दुसरं. मला वाटलं, माझा हात कापतोय, मशिनचा करंट मला जमत नाही, हे वय नव्हे. मी त्या भोकांवर वेल्डिंगचे गोळे चढवले, ग्राइंडरनं सपाट केले, वर लाल प्रायमर आणि काळा अंडरकोट मारला. हंबीररावांनी हिरवा चष्मा सारून खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, “झ्याक.” दोष पत्र्याचा असेल असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. दोष आपल्यात शोधायची मला फार जुनी सवय आहे.

असे त्या एका गुंडाळीतून मी सात तुकडे लावले. गाडी रंगली. हंबीररावांनी तिला एकट्यानं गल्लीतून दोन-चारदा फिरवली, आणि रविवारी सगळ्यांनी जोतिबाला जायचं ठरलं. आमच्याकडे नवी गाडी आधी जोतिबाला नेऊन गुलाल लावल्याशिवाय कामाला लावत नाहीत. जुनी असली तरी ही नवीच होती.

तर तो शनिवार. कृष्णात लोहार हा फॅब्रिकेशनवाला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर पावसाचं पाणी अडवायला पत्र्याची झड बसवत होता. शिडीवरूनच म्हणाला, “सर, चोवीस गेज घातलाय बगा. हलका हाय. भिताडावर वजन न्हाय यायचं.”

“चोवीस म्हणजे चांगला जाड असेल,” मी म्हणालो.

तो हसला. “उलटं असतंय की सर ते. नंबर जेवडा मोठा, पत्रा तेवडा पातळ. उद्यमनगरातलं शेंबडं पोर बी सांगंल.”

“आणि बावीस?”

“बावीस बी त्यातलाच. डबं करा, पेट्या करा. वजन झेपायचं न्हाय त्येला.”

“सोळा?”

“सोळा म्हंजे काम.”

मी उठून पुस्तक काढलं. शेवटून तिसऱ्या पानावर तक्ता होता. एका बाजूला गेज, दुसऱ्या बाजूला जाडी. नंबर वाढत गेले तशी जाडी कमी होत गेली होती. वर्षभर मी ते पुस्तक वाचत होतो आणि तो तक्ता मी उघडलाच नव्हता. तक्ते मागं असतात, लागले तर बघायचे, असं मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो.

मला दिसू लागलं ते असं. जोतिबाचा घाट. उतार. वळणावर ब्रेक. डावा पाटा सुटतो, चाक मागं सरकतं, गाडी मागून फिरते. आत हंबीररावांची बायको झुंबरबाई, सून तेजस्वी, संयोगिता. मी ताट तसंच उचलून मोरीत ठेवलं. हात इतके गार पडले होते की नळाचं पाणी कोमट लागलं.

संध्याकाळी मी सांगायला गेलो. खरंच सांगायलाच गेलो होतो. पण इंगवल्यांचं घर भरलेलं होतं. झुंबरबाईंनी पुरण घातलं होतं. कागलहून पाहुणे आले होते. तेजस्वी झेंडूचा हार ओवत होती. हंबीररावांनी मला हाताला धरून मधोमध बसवलं.

“पावणं, हे हुपरीकर सर. गाडीचं सगळं खालचं काम ह्यांनी केलंय. एका बी मिस्तरीला हात लावू दिला न्हाय. पुस्तक वाचून, बरं का.”

“पुस्तक वाचून?” एक पाहुणे म्हणाले. “मग आमच्या ट्रॅक्टरचं बी वाचा की एकदा.”

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या पानात दुसरी पोळी पडली, तूप पडलं. मी म्हणालो, “हंबीरराव, उद्या जरा... रविवारी गर्दी असते. पुढच्या रविवारी गेलो तर?”

“का? मुहूर्त काडलाय.”

“आणि सगळेच एका गाडीत? कुणी मागून बसनं आलं तर?”

“सर, आमच्यात तसं चालत न्हाय. देवाला नेल्याली गाडी मोकळी आणायची न्हाय. जी मानसं वर जात्यात तीच मानसं घिऊन ती खाली येती. माज्या बापानं पहिला ट्रक असाच आणला. चौदा जणं हुती.”

मी पोळी संपवली. “चला, येतो,” म्हणून घरी आलो.

झोप लागली नाही. मी स्वतःला समजावत राहिलो की सात तुकडे आहेत, त्यातले पाच तर नुसते पाय ठेवायच्या जागेचे आहेत, त्यांवर काही येत नाही. दोनच वजनाचे. गोळे जाड चढवले आहेत. गाडी गल्लीतून फिरली, काही झालं नाही. आणि कृष्णात खिडक्या करतो, त्याला गाडीचं काय कळणार? पहाटेपर्यंत मी एक गोष्ट ठरवली. आता तिच्याकडं बघताना मला शरम वाटते. मी ठरवलं की मागं डाव्या बाजूला मीच बसायचं, कारण जास्त भोकं डाव्या तुकड्याला पडली होती. काही झालंच तर आधी माझ्या खाली होईल.

सकाळी आठला निघालो. हंबीरराव गाडी चालवत होते, शेजारी झुंबरबाई मांडीवर नारळाची पिशवी घेऊन. मागं उजवीकडं तेजस्वी, मध्ये संयोगिता, डावीकडं मी. चाकांखाली लिंबं ठेवली होती, ती फुटली. गल्लीतले लोक फोनवर फोटो घेत होते.

इंजिनाचा आवाज खालून छातीत येत होता. त्याखालचा दुसरा एखादा आवाज ऐकायचा मी प्रयत्न करत होतो. दसरा चौकातला स्पीडब्रेकर आला तेव्हा मी सीटवरून थोडा उचललो गेलो, म्हणजे मी स्वतःच हात टेकून वजन उचललं. एका म्हाताऱ्याचं वजन, पंचावन्न किलो. पंचगंगेच्या पुलावर गाडी सरळ, छान चालली.

“आजोबा, तुम्हाला गाडी लागते का?” संयोगितानं विचारलं.

“नाही गं.”

“तुमचा हात ओला आहे.” तिनं माझा हात धरला होता हे मला कळलंच नव्हतं.

केर्लीच्या पुढं चढ सुरू झाला. हंबीररावांनी गिअर बदलला आणि मोठ्यानं म्हणाले, “बगा सर, कशी वडती. बैलजोडी हाय, बैलजोडी.” मी ‘हो’ म्हणालो. चौथ्या की पाचव्या वळणावर डावं चाक एका खड्ड्यात गेलं, आणि माझ्या खाली एक आवाज झाला. फार मोठा नव्हता. वही मधोमध जोरानं उघडली की शिवणीचा येतो तसा. बाकी कुणी ऐकला नाही. त्यानंतर प्रत्येक हिसक्याला तिथं काहीतरी बारीक चावल्यासारखं होत राहिलं. त्यावेळी ‘थांबवा’ हा एक शब्द म्हणायचा होता. तो माझ्या तोंडात होता. एका बाजूला दरी, मागं एस.टी. भोंगा वाजवत होती, आणि मी मनात म्हणत होतो, पुढच्या वळणानंतर म्हणू, तिथं जागा असेल. असं करत आम्ही वर पोचलो.

देवळात मला काही दिसलं नाही. गुलाल उडत होता, ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणून लोक ओरडत होते. मी पुढं सरकणाऱ्या रांगेबरोबर सरकत होतो. परत आलो. हंबीररावांनी गाडीवर गुलाल उधळला, नारळ फोडला आणि म्हणाले, “चला, बसा.”

मी गाडीमागं गेलो आणि जमिनीवर पालथा पडून खाली शिरलो.

“काय सर,” हंबीररावांचा आवाज आला, “देव तिकडं हाय. खाली कुणाच्या पाया पडताय?”

डावा तुकडा टाक्यांच्या ओळीवर वीतभर फाटला होता. पाट्याचा बोल्ट आपल्या जागेवरून बोटभर खाली आला होता आणि त्याच्याभोवतीचा पत्रा चुरगळला होता. अंडरकोटची काळी पापडी लोंबत होती. मी बोट लावलं, ती पडली. एवढ्यावर पाच माणसं वर आली होती.

मी बाहेर आलो. तिथं बसूनच बोललो. “गाडी खाली न्यायची नाही.”

“का?”

“पत्रा फाटलाय. मी लावलेला.”

हंबीररावांना आधी चेष्टा वाटली. मग ते खाली शिरले. त्यांचे पाय बराच वेळ बाहेर दिसत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या गालावर गुलाल आणि त्यावर काळी माती होती.

“किती गेजचा घातला हुता?”

“बावीस.”

“सोळा वाचून दाखवला हुतासा मला.”

“मला वाटलं, बावीस म्हणजे जास्त जाड.”

झुंबरबाई म्हणाल्या, “जाऊ द्या आता. मानूस हाय, चुकतंय. येळंवर ध्यानात आलं न्हवं? देवानंच दावलं म्हणायचं.” तेजस्वीनं मला पाणी दिलं. मला वाटलं, सुटलो. आणि मग हंबीररावांनी विचारलं, “खाली कशापायी बगितलंसा? कळलं कवा?”

आत्ता, असं म्हणता आलं असतं. आवाज आला म्हणून बघितलं, हे तर खरंच होतं.

“काल दुपारी,” मी म्हणालो.

पार्किंगवाला एका जीपला मागं घेत होता, त्याची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

“काल सांजंला तू माज्या घरात बसून पोळी खाल्लीस,” हंबीरराव म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी मला कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं. “आनि ही पोरगी हितं शेजारी बसून आली.”

“त्या बाजूला मी बसलो होतो,” मी म्हणालो. “मुद्दाम.”

“तू बसलास म्हंजे काय पत्रा जाड झाला?”

त्यांनी तोंड पुसलं, गुलाल आणि माती एक झाली.

“आनि कुठं कुठं लावलायस असला?”

माझ्या डोळ्यांपुढं सातही जागा होत्या. उजव्या पाट्याची तर जुळीच होती, त्याच दिवशी केलेली. ती अजून धरून होती. मी त्या दोन माणसांच्या चेहऱ्यांकडं बघितलं, झुंबरबाईंच्या आणि तेजस्वीच्या. आणखी एक शब्द ऐकायची माझी तयारी नव्हती.

“एवढाच,” मी म्हणालो. “आधीचे सोळाचेच आहेत.”

“नक्की?”

“नक्की.”

हंबीरराव गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकची वाट बघत वरच थांबले. “मोकळी न्यायची व्हय हो?” झुंबरबाईंनी हळूच विचारलं. “न्यायची,” ते म्हणाले. आम्ही चौघं प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं खाली आलो. मी बसलो तशी संयोगिता माझ्या शेजारी येऊन बसली. तेजस्वीनं तिला उठवून पलीकडच्या बाकावर, स्वतःच्या आणि झुंबरबाईंच्या मध्ये घेतलं. केर्लीत जीप थांबली तेव्हा संयोगितानं मला लांबून हात केला, आणि आईनं तिचा हात खाली घेतला.

तो आठवडा मी घरातच काढला. सोमवारी भिंतीपलीकडं ग्राइंडर सुरू झाला. मंगळवारी वेल्डिंगचा चरचर आवाज आला. कुणीतरी दुसरा माणूस होता, त्याचे टाके माझ्यासारखे अडखळत नव्हते. मी स्वयंपाकघरात बसून ऐकायचो. जो कुणी काम करतोय तो दुसरी बाजू बघेलच, अशी मी आशा धरली होती. कोणताही कामाचा माणूस बघेल. माझ्या सांगण्याची गरजच पडणार नाही. रोज संध्याकाळी चपला घालून मी इंगवल्यांच्या फाटकापर्यंत जायचो आणि तिथून बागेकडं वळायचो. शुक्रवारी एक चिठ्ठी लिहिली. ‘स. न. वि. वि.’ लिहून झाल्यावर पुढं काय लिहावं हे तासभर सुचलं नाही. जे लिहिलं ते वाचून वाटलं, हे स्वतःला वाचवायला लिहिलंय. फाडून टाकलं.

शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानात कृष्णात भेटला. काम तोच करत होता.

“सर, तुमच्या पत्र्यानं माजं काम वाडवलं,” तो म्हणाला. चेष्टेतच म्हणाला. “आता चौदा गेज घातलाय. हत्ती बसवा.”

“दुसरी बाजू बघितली का?”

“उजवी? ती कशाला? मालक म्हणलं, एवडंच हाय. वर काळं मारल्यालं हाय चांगलं, ते आनि उकरायचं कशाला.” त्यानं बिस्किटाचा पुडा उचलला. “मी म्हणलं त्यास्नी, एकदा टोचून बगू. तर म्हणलं, सरांनी नक्की म्हणून सांगितलंय. मानूस चुकंल, खोटं न्हाय बोलायचं.”

मी काय घ्यायला आलो होतो ते विसरलो.

“उद्या परत जोतिबाला निघाल्यात की,” कृष्णात म्हणाला. “मागल्या बारीला मोकळी आणली न्हवं. तीच मानसं घिऊन जायाचं म्हणत्यात.”

‘तीच माणसं’ यात मी नव्हतो. मला कुणी बोलावलं नव्हतं. त्या रात्री मी मनाशी सगळं पाठ केलं, सकाळी सहाला जायचं, दार वाजवायचं, हंबीररावांना बाहेर बोलवायचं. सहाला मी आंघोळ करून तयार होतो. साडेसहालाही तयार होतो. त्यांच्या दारासमोर चपलांचे जोड दिसत होते, आत माणसं होती, मला ‘तू’ ऐकू येत होतं. सातला मी चहा टाकला. पातेल्यात पाणी उकळत असताना भिंतीपलीकडं इंजिन सुरू झालं.

मी तसाच पळालो. पळालो म्हणजे मला जमेल तसं. पायात काही नव्हतं. फाटकातून गाडीचं नाक बाहेर येत होतं, नवा हार घातलेलं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि दोन्ही हात बॉनेटवर ठेवले. इंजिनाची थरथर मनगटातून खांद्यापर्यंत आली. काचेमागं हंबीरराव होते, शेजारी झुंबरबाई, मागं तेजस्वी, आणि या वेळी डाव्या खिडकीत संयोगिता.

हंबीररावांनी काच खाली केली. “बाजूला व्हा.”

“उजवीकडंपण आहे,” मी म्हणालो.

इंजिनात ते ऐकू गेलं नाही. दूध घ्यायला निघालेले दोघे जण थांबले. समोरच्या गॅलरीत कुणी आलं. तेजस्वी मागून काहीतरी म्हणाली, त्यातलं ‘आता काय’ एवढंच मला कळलं. मी बॉनेटवरचे हात काढले नाहीत.

“उजवीकडंपण तोच पत्रा आहे,” मी ओरडलो. “मी खोटं बोललो.”

हंबीररावांनी इंजिन बंद केलं. गल्ली एकदम शांत झाली, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. ते मागं न वळता म्हणाले, “उतरा. समदी उतरा.”

दारं उघडली. संयोगिता उतरली, तिला तेजस्वीनं फाटकाच्या आत नेलं. झुंबरबाई नारळाची पिशवी धरून तिथंच उभ्या राहिल्या. हंबीरराव माझ्यासमोर आले. मी मार खायचीही तयारी ठेवली होती.

“अजून?” त्यांनी विचारलं.

“सगळे मिळून सात आहेत. वजनाचे दोनच, डावा आणि उजवा. बाकी पाच तळाचे.”

“आदी का न्हाय सांगितलं?”

“भीती वाटली.”

“आत्ता?”

“आत्ताही वाटतेय.”

ते शेडमध्ये गेले, पेचकस आणि बॅटरी घेऊन आले आणि दोन्ही माझ्या हातात दिली.

“दाखव,” ते म्हणाले.

मी रस्त्यावर आडवा झालो आणि उजव्या बाजूनं गाडीखाली शिरलो.